ऐकू न येणाऱ्या बाईचा हेवा

म्युनिकच्या एका हॉस्पिटलात माझ्या गर्भाशयातली गाठ काढायची होती. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक जर्मन बाई होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिच्यासाठी खुणांची भाषा जाणणारी दुभाषी हजर होती. डॉक्टरांचं वाक्य न् वाक्य ती हातांनी सांगत होती. मधेच डॉक्टर काहीतरी गमतीचं बोलल्या असाव्यात, कारण ती बाई खुदकन हसली.

मग माझा नंबर आला. डॉक्टर माझ्याशीही तेवढाच वेळ बोलल्या. माझं जर्मन दुकानापुरतं, आणि इंग्रजी आम्हा दोघींचंही कच्चं. नवरा जर्मनमध्ये ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, करत मान डोलवत होता. शेवटी मला म्हणाला, “उद्या सकाळी ऑपरेशन. बाकी सगळं ठीक आहे.”

“अहो, पंधरा मिनिटं त्या एवढंच बोलल्या?”

“टेक्निकल होतं गं. सही कर.”

मी पेन खाली ठेवलं. “हिला दुभाषी कोण देतं?”

“क्रांकनकासे, आरोग्य विमावाले. विम्यातूनच मिळतो, तसा कायदा आहे.”

“विमा तर आपलाही आहे.”

“परक्या भाषेसाठी नाही मिळत. ती सोय ज्याची त्यानं करायची.”

मला तिचा इतका हेवा वाटला, की क्षणभर वाटलं, मलाही ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं. तिनं जन्मभर काय सोसलं असेल, हे मनात आलंच नाही. डोळ्यांपुढे फक्त तिचं ते हसणं होतं.

नवरा गेल्यावर तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर मोडकंतोडकं मराठी भाषांतर होतं : “तुम्ही सही का नाही?”

मी लिहिलं, “मला काही कळलं नाही.”

तिनं घंटा दाबली आणि नर्सला कागदावर भराभरा लिहून दाखवलं. तासाभरानं दुसऱ्या वॉर्डातला एक नेपाळी डॉक्टर आला. त्यानं हिंदीत सगळं सांगितलं. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबलाच नाही, तर गर्भाशय काढावं लागेल आणि त्याला माझी संमती हवी होती. आम्हाला अजून मूल नव्हतं. मी त्याला सात-आठ प्रश्न विचारले आणि मग सही केली.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. “हे का नाही सांगितलंत?”

“तू घाबरशील म्हणून.”

“घाबरले असते. पण माझं मला कळलं असतं.”

गाठ निघाली, गर्भाशय वाचलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला घरी सोडलं. निघताना तिनं मला मिठी मारली. मी मनापासून आभार मानले. तरी हेवा गेला नव्हता. ती इतकी चांगली वागली, म्हणून उलट वाढलाच होता.

दुसऱ्या दिवशी मला घरी सोडणार होते. डॉक्टर यायच्या आधीच मी नवऱ्याला खाटेशेजारी बसवलं. “एकेक वाक्य सांगा,” म्हटलं, “काही गाळू नका.”

डॉक्टर येऊन बोलू लागल्या, तसा तो अडखळत, शब्द शोधत एकेक वाक्य सांगू लागला.