अतिविष की बचनाग

"मी भित्रा माणूस आहे, बाई. आधी दाखव, मग तोंडात घाल."

काका हे वाक्य कुणालाही ऐकवायचे. पॉटलकच्या जेवणाला कुणी घरून काढा करून आणला, भारतातून आलेलं कसलं चूर्ण काढलं, की काकांचा हात पुढे यायचाच. वस्तू तळहातावर घ्यायची, मूठ मिटायची, मूठ नाकाशी न्यायची आणि डोळे बंद करायचे. तेवढा वेळ सगळे गप्प. मग काका डोळे उघडून म्हणायचे, "हं. घ्या." एकदा समीरने, माझ्या नवऱ्याने, मुद्दाम त्यांच्या हातावर व्हिटॅमिनची गोळी ठेवली. काकांनी तीही हुंगली. सगळे हसले, काकाही हसले. पण गोळी त्यांनी बाटलीवरचं नाव वाचूनच परत दिली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. इतरांच्या आधी घाबरणारी, आणि आपण ज्यांच्या घाबरण्याला हसतो अशी.

श्रूजबरीत आम्ही राहायचो त्या अपार्टमेंटच्या आवारात खालच्या मजल्यावर मेधा राहायची. काका तिचे वडील. काकू गेल्यावर तिने त्यांना पुण्याहून आणलं होतं. उंच, जरासे वाकलेले, घरातसुद्धा लोकरी टोपी. वनस्पतिशास्त्राचा माणूस, नोकरीची सगळी वर्षं हिमालयातल्या औषधी वनस्पतींच्या पाहणीत गेलेली. उन्हाळ्यात तिकडे तंबूत, हिवाळ्यात पुण्यात टेबलापाशी.

माझं तेव्हा बाळंतपण जवळ आलं होतं. व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, दिवस जाता जात नसत. दुपारी मी खाली जायची, काका चहा करायचे आणि गढवालच्या डोंगरातल्या गोष्टी सांगायचे. झाडांची हद्द संपली की वर नुसती गवताची कुरणं लागतात, तिकडे त्यांना बुग्याल म्हणतात. पावसाळ्यात ती फुलांनी भरून जातात. मेंढपाळांच्या बायका तापाला, काविळीला कुटकी देतात. झोप न येणाऱ्याला जटामांसी. जटामांसीचा वास सांगताना काका म्हणाले, "वास चांगला म्हणवत नाही, पण एकदा घेतला की विसरत नाही. जुन्या घोंगडीसारखा."

आणि मग त्या दोघी. अतिविष आणि बचनाग. एकाच कुळातल्या, दोघींच्या फुलांना टोपीसारखी पाकळी. "गंमत बघ, जिच्या नावात विष आहे ती लहान मुलांचं औषध. जुलाब, ताप, दात येताना. आणि बचनाग..." इथे काकांनी कप खाली ठेवला. "वैद्य तोही वापरतात, पण शुद्ध करून, जाणत्या हाताने. तसाच पोटात गेला तर आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय. मग हृदय."

"तुम्ही पाहिलंय?"

काकांनी कप बाजूला सरकवला. मग सांगितलं. पाहणीच्या तुकडीत त्यांचा एक सोबती होता, मोठ्याने गाणारा, सगळ्यांना हसवणारा. पोट बिघडलं म्हणून त्याने पिशवीतलं एक मूळ काढून चघळलं. त्याला वाटलं अतिविष. गाडीरस्ता दूर होता. गावकऱ्यांनी कांबळ्याची डोली केली. काका मनगट धरून शेजारून चालत होते. "नाडी कशी चालते माहितेय? धावते, अडखळते, थांबते. पुन्हा धावते. मी नुसता मोजत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं. रस्ता यायच्या आधीच..."

मला उगाचच पोटावर हात ठेवावासा वाटला.

सईच्या जन्माच्या आधी आई नाशिकहून आली. बॅगेत डिंकाचे लाडू, टोपडी, आणि सहाणेसकट बाळगुटीचा डबा. सई जरा मोठी झाल्यावर आई रोज गुटी उगाळू लागली: वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, ज्येष्ठमध, अतिविष, प्रत्येकाचा सहाणेवर एखादा वेढा, माझ्या दुधात. आमची डॉक्टर नको म्हणाली होती. पण सईचं पोट दुखायचं, ती पाय पोटाशी घेऊन रडायची, आणि गुटीनंतर शांत व्हायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

काकांना कळल्यावर ते लगेच वर आले. "ताई, डबा दाखवता?"

आईने डबा पुढे केला खरा, पण तोंड वाकडं करून. काकांनी एकेक मूळ हुंगलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. अतिविषाचा तुकडा मोडून आत पांढरा आहे ना, बचनागासारखा काळपट नाही ना, ते पाहिलं. "ठीक आहे. पण नवीन काही आलं तर मला आधी सांगा. मी भित्रा माणूस आहे."

ते गेल्यावर आई म्हणाली, "माझी दोन्ही मुलं याच गुटीवर वाढली. आता परीक्षा द्यायची का मी?"

मीही हसले. काकांनी सगळं ठीक म्हटलं होतं, विषय संपला होता.

त्या हिवाळ्यात खूप बर्फ पडला. असाच एक दिवस होता. शाळा बंद, समीर ऑफिसात अडकलेला, खिडकीबाहेर सगळं पांढरं. दुपारी आईने गुटी दिली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. थोड्या वेळाने आईची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती.

सई आईच्या मांडीवर होती. तोंडातून लाळ गळत होती. उलटी झाली, पुन्हा झाली. मग ती रडायची थांबली, आणि ते रडणं थांबणंच सगळ्यांत भयंकर होतं. तिचे हात थंडगार. मी तिला उचललं तर मान माझ्या दंडावरून मागे पडली, पहिल्या आठवड्यात पडायची तशी.

मी नाइन-वन-वनला फोन केला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, बाळाने काय खाल्लं, काय प्यालं. मी आईकडे पाहिलं.

"गुटी. नेहमीचीच. फक्त अतिविष नवीन होतं. जुनं झिजलं म्हणून." आईने सहाणेकडे बोट केलं. "नाशिकला शेजारच्या वहिनींनी चारधामहून आणलं होतं. डोंगरातलं असली म्हणून. पिशवीत तसंच होतं, आज काढलं."

फोन कानाला लावूनच मी दार उघडलं आणि जिन्यात ओरडले, "काका!"

ते अनवाणी वर आले. सईकडे पाहिलं, मग सहाणेकडे. ते मूळ हातात घेतलं, पण या वेळी मूठ मिटली नाही. खिडकीशी नेलं, मोडलं. आत ना पांढरं, ना काळं. मळकट. काकांचे हात इतके कापत होते की तुकडा खाली पडला.

"काका, काय आहे ते? त्या विचारतायत. काय सांगू?"

"कळत नाही. जुनं आहे, धुरावर वाळवलेलं आहे. कळत नाही गं."

त्यांनी सईच्या इवल्या मनगटावर दोन बोटं ठेवली. त्यांचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडला. ते आता आमच्या स्वयंपाकघरात नव्हते, कुठल्या तरी उतारावर डोलीशेजारी चालत होते, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी वाकून तो तुकडा उचलला आणि मी काही म्हणायच्या आत त्याची मोडलेली बाजू जिभेच्या टोकाला लावली.

"काका!"

"नुसतं कडू लागलं तर अतिविष," ते सिंकमध्ये थुंकत म्हणाले. "थांब. जरा थांब."

आम्ही थांबलो. मी, आई, काका, आणि फोनवरची ती बाई, जिला आमची भाषा कळत नव्हती. सिंकच्या कडा काकांनी घट्ट धरल्या होत्या. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी सईच्या छातीवर कान ठेवला. आत काहीतरी धावत होतं आणि अडखळत होतं.

काकांनी जिभेला बोट लावलं. मग ओठाला. "मुंग्या येतायत," ते म्हणाले. "बचनाग आहे. फोन दे."

माझ्या हातातून फोन घेऊन ते स्पष्ट, सावकाश इंग्रजीत बोलले. ॲकोनाइट. बाळाच्या पोटात थोडंसं गेलंय. हृदयावर जातं. हॉस्पिटलला आत्ता कळवा, पोहोचल्यावर नको. त्यांनी दोनदा स्पेलिंग सांगितलं. एवढा वेळ कापणारे हात तेव्हा कापत नव्हते.

ॲम्ब्युलन्सच्या पुढे बर्फ काढणारा ट्रक चालत होता, म्हणून ती हळू चालत होती. मला त्या ट्रकचा पिवळा दिवा दिसत होता आणि किंचाळावंसं वाटत होतं. मागे सईच्या छातीला तारा लावलेल्या. काका ड्रायव्हरशेजारी बसले होते, मेधाने त्यांच्या पायांत कुणाचे तरी बूट सरकवले होते. दर थोड्या वेळाने ते मागे वळून विचारायचे, "आहे ना?" मी म्हणायची, "आहे." तिसरा शब्द आमच्यात नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टर तयार होते. नाव आधी कळलं म्हणून बरं झालं, नाहीतर आम्ही ताप, इन्फेक्शन शोधत बसलो असतो, असं ते नंतर म्हणाले. तेव्हा मात्र कुणी काही म्हणत नव्हतं. पडद्यावरची हिरवी रेघ मधेच वेडीवाकडी व्हायची, नर्स धावत यायची, आम्हाला बाहेर काढायची. समीर पोहोचला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. आई भिंतीला टेकून उभी होती, तिला कुणी बसवलं तरी ती बसेना. नर्सने काकांनाही तपासायला नेलं. त्यांचा ओठ बराच वेळ बधिर होता. चहा प्यायले तो हनुवटीवर सांडला आणि त्यांना कळलंही नाही.

सई वाचली. कडू लागल्यामुळे तिने बरीचशी गुटी थुंकली होती, त्यामुळे वाचली. रेघ हळूहळू एका लयीत चालायला लागली. मग सई रडली. भुकेचं, रागाचं, खणखणीत रडणं. समीर कॉरिडॉरमध्ये खाली बसून लहान मुलासारखा रडला.

घरी आल्यावर आई सईला हात लावेना. नुसती लांबून बघायची. जेवेना. "मला परत पाठव," एवढंच म्हणायची. काका रोज वर यायचे, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. मग एकदा ते म्हणाले, "ताई, माझा जन्म गेला त्या मुळांत. मलासुद्धा डोळ्यांनी ओळखता आलं नाही. जिभेला लावावं लागलं. तुम्ही कशी ओळखणार होता?"

आईने वर पाहिलं. "खरं सांगताय?"

"खरं."

ते खरं होतं की आईसाठी होतं, मला आजही माहीत नाही. आई उठली आणि तिने सईला मांडीवर घेतलं. काका मात्र जाताना जिन्यात थांबले, कठड्याला धरून. मी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले, "तेव्हाची भीती आत्ता येतेय बघ. तेव्हा वेळच नव्हता."

पुढच्या वर्षी मेधाला टेक्सासमध्ये नोकरी लागली आणि ती दोघं फ्रिस्कोला गेली. काका फोनवर तिथल्या उन्हाबद्दल कुरकुर करायचे, सईला इंग्रजीत का बोलतेस म्हणून रागवायचे. २००८ च्या उन्हाळ्यात मेधाचा फोन आला. झोपेतच गेले. मी आईला नाशिकला कळवलं. फक्त तिकडे मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

मला काका आठवतात ते फ्रिस्कोला जायच्या आधीच्या दिवसांतले. सई नुकती चालायला लागली होती. आवारातल्या गवतावर ती दुडूदुडू पळत होती, आणि तो उंच माणूस कमरेत वाकून, दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना पसरून तिच्या मागे मागे पळत होता. धापा टाकत होता, टोपी कधीच पडली होती. मी म्हटलं, "काका, पडू दे, गवतच आहे." त्यांनी ऐकलं नाही. पण तिला धरलंही नाही.