मामाचा पाय आणि नाचणीचा डबा

चिकपेटेतल्या आपल्या साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मामा-मामी राहत. कुटुंब तीन पिढ्या तिथलंच. घरात मराठी, दुकानात कन्नड. मामाचा हात उठायचा. भात गार झाला तर ताट भिंतीवर जाई, मामीने उलट उत्तर दिलं तर थप्पड बसे. मामीला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. का, ते घरात कोणी विचारत नसे.

मामाला मधुमेह होता. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. साखर खाली आली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मी सोबत होतो. मामा बाहेर बाकावर बसला. "स्वयंपाकाचं हिला सांगा," म्हणाला.

बाईंनी मामीला सावकाश समजावलं. पांढरा भात अर्धी वाटी. त्याऐवजी नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, इथले लोक खातात ती मुद्दे, चालेल. पण लहान, कारण नाचणी म्हणजे औषध नव्हे, जास्त झाली की तीही साखर वाढवते. सोबत सोप्पू, म्हणजे दारावर येईल ती पालेभाजी, आणि मोड आलेले कुळीथ. मधुमेहींसाठी म्हणून विकतात ती बिस्किटं नकोत.

"गुळाचा चहा चालतो ना?" मामीने विचारलं.

"गूळ म्हणजे साखरच, अक्का."

मामी मान हलवत राहिली. बाजार कोण करतं, हे बाईंनी विचारलं नाही आणि मामीने सांगितलं नाही. लग्न झाल्यापासून तिने दुकानातून किलोभर तांदूळही आणला नव्हता. चिकपेटेतल्या अशा घरांत बाजार पुरुष करतात. मालकीण पिशवी घेऊन दिसली की धंदा बसला, असं शेजारी धरून चालतात. मामा संध्याकाळी शटर ओढून निघे आणि येताना बारीक तांदूळ, मैद्याची बिस्किटं, गुळाची भेली घेऊन येई. मामीने यादी सांगितली की म्हणे, "स्वल्प गोड खाल्लं म्हणून कोणी मेलंय का? तुझ्या त्या बाईला सांग, चिकपेटेत येऊन दुकान चालव."

मग मामीने गॅलरीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडायला सुरुवात केली. सोप्पूवाली त्यात मेथी, राजगिरा, शेपू भरून देई. पुढे तिच्याकडूनच मामीने नाचणीचं पीठ मागवलं आणि डब्यात भरून देवघराखाली ठेवलं. भातात ती भाजी कालवायची, भात दर दिवशी थोडा कमी करायची. मामाच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत.

त्या संध्याकाळी मी औषधं द्यायला गेलो, तेव्हा तो जिन्यात माझ्या पुढेच होता. जिन्याबाहेर मामीची टोपली वर जात होती. समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराने खालून हाक मारली, "काय अण्णा, बाजार आता दोरीने होतो वाटतं?"

मामा हसला. वर गेल्यावर त्याने हातातली भरलेली पिशवी फिरवून मामीच्या खांद्यावर मारली. आत भेली होती. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मामी खाली बसली. त्याने दुसरा फटका मारला, तो तिने वर धरलेल्या हातावर बसला. मी त्याला मागून धरलं. कोपर माझ्या ओठावर आदळलं आणि माझी पकड सुटली.

मग त्याला डबा दिसला. "मला गड्याचं खाणं घालतेस?" त्याने डब्याला लाथ मारली, उजव्याच पायाने. झाकण उडालं. पीठ जमिनीवर पसरलं. तो लाथा मारत राहिला, पत्रा चेपला, तरी थांबला नाही. मधुमेहाने त्या पायाला वेदना कळत नव्हती. पीठ लाल व्हायला लागलं, तेव्हा मामीच म्हणाली, "अहो, पाय बघा."

खाली शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकं साड्या पाहत होती. वर कोणी आलं नाही.

रुग्णालयात मामीने जिन्यावरून पडले असं सांगितलं. तिचा हात गळ्यात बांधला. मामाच्या पायात विष पसरलं होतं. तो घोट्याच्या वर कापला. आहार बदलला नाही तर डाव्या पायाचंही हेच होईल, असं डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं. या वेळी मामा आत होता.

तो घरी आला त्या सकाळी मामी पिशवी घेऊन जिना उतरली. भांड्यांच्या दुकानावरून चालत गेली, दुकानदाराने मान खाली घातली. तिने नाचणी, कुळीथ, शेपू आणला. पिशवी मी धरली, निवड तिने केली. घरी तिने एका हाताने मुद्दे घोटली आणि ताट मामाच्या पुढ्यात ठेवलं.

त्याने ते भिंतीवर भिरकावलं. आमटी तिच्या पायांवर उडाली. तो शिव्या देत पलंगाला टेकवलेली कुबडी चाचपू लागला. ती त्याला मारायला हवी होती की उठायला, ते सांगता येत नाही. मामीने कुबडी आधी उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि परत येऊन दुसरं ताट वाढलं. तेच, तेवढंच.

"कुबडी दे," मामा म्हणाला.

"आधी जेवा."