नावाडीण वाचली होती का?

जुनी मशीन देऊन नवी घेताना बुलढाण्याच्या त्या दुकानदाराला मी रडकुंडीला आणलं होतं. खेळाची मशीन. टीव्हीला जोडायची आणि दोघांनी दोन रिमोट घेऊन बसायचं. त्यानं किंमत सांगितली, मी हसलो. त्यानं उतरवली, मी पाठ फिरवून बसस्टँडकडं चालू लागलो. चौकात तो मागून पळत आला. मग जुनी मशीन त्याच्या गळ्यात, वर नवे रिमोट, वायर फुकट आणि आमच्या खेळाच्या दुसऱ्या भागाची सीडीही फुकट. घाट उतरताना एसटीत मी हा सौदा बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. मोताळा आलं तरी माझं संपलं नव्हतं.

आमचा पहिला भाग, आम्ही खेळलेला सगळाच्या सगळा, त्या जुन्या मशीनच्या पोटात होता. ते माझ्या ध्यानात आलं नाही.

मी बैलांचा दलाल. आमच्याकडं भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. कुठलं बोट, कुठलं पेर, किती वेळ, यातच सगळा हिशेब. भोवती गर्दी असली तरी सौदा त्या रुमालाखालीच राहतो. कागद नाही, साक्षीदार नाही, जे काही आहे ते डोक्यात. माझा बाप याच धंद्यात होता, पण त्याच्या हातातला कासरा नेहमी दुसऱ्याच्या बैलाचा. मी मात्र घर बांधलं, मुलीला इंजिनिअर केलं, धाकट्या भावाला हाताशी धरून धंदा शिकवला. हे सगळं या डोक्यावर केलं. कोणत्या बाजारात कोणती जोडी काय भावानं गेली, हे मला अनेक वर्षांनंतरही विचारा, असं मी म्हणत असे.

बाप म्हातारपणी ओट्यावर बसायचा. मांडीवर रुमाल. येईल त्याचा हात रुमालाखाली ओढायचा, मग तो पोस्टमन असो की सून, आणि बोटं दाबत राहायचा. कधीच्या काळी विकून गेलेल्या बैलाचा भाव करायचा. समोरच्यानं हात सोडवला की रागानं ओरडायचा, सौदा मोडला म्हणून.

आणि गेल्या पोळ्याआधीच्या बाजारात माझ्याच भावानं, मी शिकवलेल्या भावानं, चारचौघांत माझा हात रुमालाखालून बाहेर काढला. "दादा, तू चहा घे. सौदा मी पाह्यतो." मी म्हणे दुसऱ्याच बैलाचा भाव सांगितला. मी अजून म्हणतो, बोटं बरोबर होती, समोरचा उलटला. मी भावाची मानगूट धरली, लोकांनी सोडवलं. त्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी मी घेतलेलं नाही.

बाजाराला जाणं सुटलं आणि दुपारी मोकळ्या झाल्या. लॉकडाऊनमध्ये मुलगी घरी होती, तेव्हा तिनं आम्हा दोघांना खेळायला शिकवलं होतं. तोही असाच बंद बाजाराचा काळ. नदीकाठच्या एका राज्याची गोष्ट, त्यात राक्षस, जादू, भटके सोबती. मी तलवार घेऊन पुढं, बायको मागून मंत्र टाकून माझ्या जखमा भरणार. लढाई आळीपाळीनं. आपण एक वार करायचा, मग शत्रूची पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. जिंकत गेलं की नवी विद्या मिळते. आता मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनंच फोनवर सांगितलं, बाबा, दुसरा भाग आलाय, यात काळात मागं जाता येतं.

आम्ही दुपारची जेवणं उरकून बसलो. पडद्यावर विझलेल्या शेकोटीपाशी एक म्हातारा. खाली हिंदीत अक्षरं उमटली की तुझी मागची कहाणी माझ्यापाशी नाही, तूच सांग.

मुलीला फोन लावला. ती हसायला लागली. "अहो बाबा, जुनं सगळं त्या मशीनसोबत गेलं ना! आता तो विचारील तशी उत्तरं द्या. तुम्ही सांगाल तसा पुढचा खेळ बनतो."

"आन् चुकलं तं?"

"चुकायचं काय त्यात? तुम्ही म्हणाल तेच खरं."

मला ते तेव्हा सोयीचं वाटलं.

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा हत्यार विचारलं. तलवार. त्यात वाद नव्हता. मग विचारलं, आंधळ्या राजाचा मुकुट त्याला परत दिलास की नदीत फेकलास? मी म्हणालो, फेकला.

"काऊन खोटं बोलता?" बायको म्हणाली. "देल्ला होता. तुमीच म्हणे, म्हातारा माणूस हाय, देऊन टाक."

"मी फुकटात देऊन टाकीन? म्या आजपावेतो कोणाले फुकट काही देल्लं का?"

"थेच तं! त्या एका दिवशी देल्लं, म्हणून मले ध्यानात राह्यलं."

मी 'फेकला' दाबलं. तिनं रिमोट मांडीवर आपटला. "डोकं हाय का जातं हाय तुमचं!" यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लग्नापासून आम्ही असेच बोलतो. माझ्यासारख्याला बाजारात कोणी हरवलं नाही आणि घरात मी कधी जिंकलो नाही.

तिसरा प्रश्न आला. पूर आला तेव्हा तू कोणाला वाचवलंस, नावाडिणीला की घंटेच्या गावाला?

नावाडीण म्हणजे आमच्या वीराला नदीतून काढून वाढवणारी बाई. तिला वाचवलं तर गाव जातं, गाव वाचवलं तर ती जाते. पहिल्या भागातला सगळ्यात अवघड सौदा तो. मी लगेच म्हणालो, "नावाडीण. गाव बुडालं. पाण्याखालून घंटा वाजत होती, बराच वेळ. तू रडत होती."

"अहो, नावाडीण तं..." ती बोलता बोलता थांबली. पडद्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

"नावाडीण काय?"

"हाव," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर हाय. वाचवलीच होती." आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

रुमालाखाली समोरचा माणूस घासाघीस न करता कबूल झाला की माझे हात गार पडतात. एक तर बैल त्याला फार आवडलाय, नाहीतर त्यानं विकणाऱ्यात काही पाहिलंय. इथं बैल नव्हता. एका मुकुटासाठी माझ्यावर ओरडलेली ही बाई पुढच्याच प्रश्नाला कबूल झाली होती. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती पदरानं रिमोट पुसत होती.

त्यानंतर मी खेळत होतो, पण माझं लक्ष तिच्यावर होतं.

या भागात तीन काळ आहेत. राजाचा, दुष्काळाचा आणि राखेचा. जागोजागी वाळूचं घड्याळ असतं. ते उलटं केलं की तीच वाट, तीच टेकडी, पण काळ दुसरा. राजाच्या काळात नदीकाठी वडाची फांदी रोवून ठेवली तर राखेच्या काळात त्याच्या मुळांवरून पलीकडं जाता येतं. राजाच्या काळात एखाद्या दुकानदाराला फसवलं, तर दुष्काळात त्याचा नातू दार लावून घेतो. हे सगळं मला पटत होतं. पटत नव्हता तो घड्याळाचा राखणदार. मागं जायचं म्हटलं की तो तुमची शिकलेली एक विद्या काढून घेतो. कोणती, ते तोच ठरवतो. मी त्याच्याशी भाव करायला गेलो, तर बटणच नाही. पाठ फिरवून चालू लागलो. त्यानं हाक मारली नाही. मी पुष्कळ लांब जाऊन थांबलो, तरी मारली नाही. शेवटी मलाच परत यावं लागलं.

"हा काही बुलढाण्याचा दुकानदार नाई," बायको म्हणाली. पूर्वी अशा बोलण्यावर ती स्वतःच खदखदून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

राखेच्या काळात घाटावर नावाडीण भेटली. जिवंत, म्हातारी, होडीला टेकून उभी. मी सांगितलं होतं म्हणून ती तिथं होती. ती म्हणाली, तू येणार हे मला ठाऊक होतं. मला तिच्याकडं पाहवेना. मी म्हणतो तसं झालंच नसेल, तर ही बाई कोण?

पुढच्या लढाईत राक्षसांनी घेरलं. मी गरगर फिरून चौफेर वार करायची विद्या दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. माझा वीर तलवार धरून नुसता उभा, आणि त्याच्यावर एकामागून एक वार पडत होते.

"थे तं मागच्या खेपीले त्यानं काढून घेतलं ना," बायको हळूच म्हणाली.

"ठाऊक हाय मले," मी खेकसलो.

मला ठाऊक नव्हतं. राखणदारानं ती कधी घेतली, काय बोलून घेतली, यातलं काहीच डोक्यात नव्हतं. जिथं ते असायला हवं होतं तिथं हात घातला तर आत कोरडी माती. पंखा फिरत होता आणि माझी पाठ घामानं भिजली होती.

मी रिमोट खाली ठेवला. "नावाडीण मेली होती ना?"

तिनंही आपला रिमोट खाली ठेवला.

"सांग. मेली होती?"

"मेली होती," ती म्हणाली. "आपण गाव वाचवलं. घंटा पाण्याखाली नाई वाजली, वरच वाजत होती. आन् म्या नाई, तुमी रडले. चहा तसाच ठेवला होता तुमी."

"मंग हाव काऊन म्हणाली?"

"तुमी भांडून नव्हते राह्यले तवा. भांडत असते तं म्याबी भांडली असती. तुमाले थे दिसून राह्यलं होतं." तिनं डोळे पुसले नाहीत, पण आवाज बदलला. "मुकुट विसरला तं विसरला. पण घंटा कुठून आणली हो तुमी? मले भेव वाटलं."

मग ती थांबेना. बाजारातून आणलेलं मीठ पुन्हा आणतो म्हणाली. एकदा मोटारसायकल मोताळ्यालाच ठेवून पायी आलो आणि चोरीला गेली म्हणून गल्ली डोक्यावर घेतली, म्हणाली. "आन् भाऊजी त्या दिवशी बाजारातून आले, तं मागच्या अंगणात बसून रडले. माह्या दादाचा हात म्या धरला म्हणे."

रडला असेल. पण सगळ्यांसमोर काढला ना माझा हात? घरी येऊन सांगता आलं नसतं? बाकीचं जाईल तेव्हा जाईल, हे मी विसरणार नाही. आणि हे म्हणताना मला बाप दिसला. ओट्यावर बसलेला, सौदा मोडला म्हणून ओरडणारा. सगळं गेलं तरी राग त्याच्याजवळ शेवटपर्यंत होता.

मी पाठ फिरवून उठून जाऊ शकलो असतो. आजवर तेच करत आलो. दारापर्यंत गेलोही. मग त्या राखणदाराची आठवण झाली आणि परत येऊन बसलो.

"डॉक्टरकडं येतो," मी म्हणालो. "पण माह्या दोन अटी हायेत. भाऊले सांगायचं नाई."

"बरं. आन् दुसरी?"

"तिथं मी चुकलो तं भांडायचं. हाव म्हणायचं नाई. कधीच नाई."

खुंटीवरचा रुमाल काढून मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. तिनं आत माझी सगळी बोटं एकदम मुठीत धरली. असा कुठला भावच नसतो. "हे काय धरलं?" मी विचारलं.

"मले काय समजते तुमचं? हात मांगला, देल्ला."

सकाळच्या एसटीनं घाट चढून आम्ही बुलढाण्याला गेलो. त्या दुकानदाराच्या दारावरूनच रस्ता होता. मी मान वळवली. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलणारा. टेबलापलीकडं बसून त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली, तसा मला शेकोटीपाशी बसलेला म्हातारा आठवला. तुझी मागची कहाणी माझ्यापाशी नाही. तूच सांग.

"काल संध्याकाळी काय जेवलात, बाबा?"

"भाकर आन् शेवग्याची भाजी."

"खोटं!" बायको कडाडली. डॉक्टर दचकला. "शेवगा परवा होता. काल बेसन होतं, आन् तिखट झालं म्हणून माह्यावर तोंड केलं यायनं!"

मी चुकलो होतो, तरी माझा श्वास मोकळा झाला. ती भांडत होती.

"इथं कसे आलात?"

"एसटीनं. खिडकीपाशी ही बसली." मी तिच्याकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. म्हणजे बरोबर असणार.

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "मघाशी मी तुम्हाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. कोणते, सांगता?"

मघाशी? मी सगळीकडं शोधलं. मग सुचले तसे तीन शब्द सांगून टाकले, ठाम आवाजात, रुमालाखाली भाव पक्का करतात तसे. आणि तिच्याकडं वळलो.

तिचे ओठ जरासे उघडले होते. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. भांड, मी मनात म्हणत होतो. बोली झालीय आपली. भांड.