आबांच्या तळपायाखालची घूं

सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं, तोवर गाडी घूं करायला लागली. हायवेला लागून वेग वाढला की सुरू व्हायचं, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तसं. मी काचा वर घ्यायचो, एसी बंद करायचो, बायकोला म्हणायचो, "ऐक, ऐक." ती म्हणायची, "तुमच्या डोक्यातच घूं होतंय." वर्कशॉपवाल्यांनी एक चक्कर मारली, टायरचा आवाज आहे, हळूहळू बसेल, असं सांगून माझी बोळवण केली. मी धुमसत परत आलो. गाडी नवी कोरी आणि आवाज म्हाताऱ्या जीपचा!

आबा, म्हणजे माझे वडील, या वादात नव्हते. त्यांचं उभं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं आणि त्या खडखडाटात कानही गेले. माग विकून ते कोल्हापूरला माझ्याकडे आले. मागून हॉर्न ऐकू येत नाही म्हणून मी त्यांची स्कूटरही विकायला लावली. तेव्हापासून माणूस मिटल्यासारखा झाला होता. आम्ही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचो, ते मान हलवायचे, संपलं.

खुलले ते एकदाच, गाडी घरी आली त्याच आठवड्यात, घूं सुरू व्हायच्या आधी, खंडेनवमीला. मागवाल्याच्या घरात त्या दिवशी यंत्राची पूजा असते, आणि आता घरात यंत्र म्हणाल तर ही गाडी. पेठ वडगावहून झेंडू घेऊन आलो तो थेट पंचगंगेवर. आबांनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि घाटाशेजारच्या उतारावरून गाडी मागं मागं घेत, मागची चाकं बुडेस्तोवर पाण्यात घातली. पहिली आंघोळ नदीचीच, बादलीची नव्हे! काय तेज होतं तोंडावर. मला बरं वाटलं.

मग एका रविवारी त्यांना घेऊन नृसिंहवाडीला निघालो. नव्या गाडीत आबा चप्पल घालून बसत नाहीत, दारातच काढतात. घूं सुरू झाली तशी त्यांनी अनवाणी पाय खाली दाबला आणि मला थांबायची खूण केली. उतरले, मधल्या सीटवर बसले. पुन्हा खूण, आणि थेट शेवटच्या सीटवर. मला आरशात दिसत होतं, डोळे मिटलेले, तळवा पत्र्यावर टेकलेला. मग त्यांनी हातानं सांगितलं, पाय सोड. मी ॲक्सिलरेटर सोडला. दाब. दाबला. असं हातकणंगले येईपर्यंत चाललं होतं.

"टायर न्हाय ह्यो," आबा मागून म्हणाले. "टायरचा आवाज चाकासंगं जातोय. ह्यो तुझ्या पायासंगं बदलतोय. हितं खाली, दोन चाकांच्या मधी हाय."

ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, त्याला घूं ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर्कशॉपला गेलो. सुपरवायझर भला माणूस होता. पाय सोडल्यावर आवाज बदलतो म्हटल्याबरोबर त्यानं गाडी वर उचलली. मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात गिअर असतात, त्याचा नट त्यानं सोडला. आतून काळं ऑईल यायला हवं होतं. आलं ते दाट, चहात दूध जास्त झाल्यासारखं.

"पाणी गेलंय," तो म्हणाला. "तापलेला गोळा गार पाण्यात बुडला की पाणी आत ओढून घेतोय. बेअरिंग त्यानंच गेलं असणार. सर, गाडी पाण्यात घातलती काय?"

आबा पलीकडं, उचललेल्या गाडीच्या त्या बाजूला, आमच्याकडं तोंड करून उभे होते. हे त्यांना कळलं, तर यंत्राला पुन्हा हात लावणार नाहीत. स्कूटर गेली, आता हेही गेलं. मी आवाज उतरवून म्हणालो, "नाही हो."

"खोटं कशाला सांगतोस रं?"

सगळं वर्कशॉप वळून बघायला लागलं. आबा बोलतात ते मागांच्या वरताण आवाजात.

"मीच घातलती नदीत. खंडेनवमीला. गरम गाडी तशीच."

सुपरवायझर ओशाळून म्हणाला, मग हे वॉरंटीत बसणार नाही. माझं तिकडं लक्षच नव्हतं. शेडमध्ये कुणाचा आवाज कुणाला पोचत नाही, तिथली माणसं ओठांवरूनच बोलणं ओळखतात. लहानपणी मी हे रोज बघितलं होतं. आणि इतके दिवस घरात आम्ही सगळे त्यांच्या कानाशी ओरडत होतो, म्हणजे ओठ त्यांना दिसतच नव्हते.

बेअरिंग बदलून गाडी मिळाली त्या दिवशी आबा माझ्या शेजारी बसले, तळवा टेकवून. हायवेला लागलो, वेग वाढवला.

"गप झालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, बाहेर बघत, "आता मला गाडी धुवाय देणार न्हाईस न्हवं?"

मी गाडी कडेला घेतली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, ते वळले. मी आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले, "पुढच्या खंडेनवमीला तुम्हीच धुवायची."

आबांनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. "पण आदी गार होऊ द्यायची."