लोटलेल्या दाराआडची रात्र

समजा, टॉकीजच्या केबिनमध्ये तुम्ही उभे आहात. एका मशीनवरचं रीळ संपत आलंय, दुसरं चढवून तयार आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की पहिलं मशीन बंद, दुसरं सुरू. चुकलात तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या.

बद्रीनाथ हे काम क्रांती चौकाजवळच्या एका टॉकीजमध्ये करायचा. लग्नसराई सरली की मालक दरसाल एक जुना सिनेमा मॅटिनीला लावत. त्यात लग्नाच्या आदल्या रात्री नवरीचा बाप मरतो. लग्न मोडू नये म्हणून घरचे त्याला चष्मा लावून, शाल पांघरून खुर्चीत बसवतात. पहाटेपर्यंत पाहुणे त्याच्या पाया पडत राहतात. व्याही तर रुसतो, हे बोलतच नाहीत म्हणून. नवा होता तेव्हा हा सिनेमा आठवडाभरही टिकला नव्हता. आता व्हिडिओच्या काळातही लोक बायकापोरं घेऊन येत, पात्रांच्या आधी संवाद म्हणत, आणि तरी हसत.

बद्रीनाथला हसू येत नसे. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मुकुंदवाडीच्या घरात त्याचे वडील असेच गेले होते. सुतक लागू नये म्हणून त्याच्या मायनं, सारजाबाईनं, दार लोटून घेतलं आणि ‘झोपलेत’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड नवरीला घेऊन निघालं, मगच माय रडली. म्हणून हा सिनेमा त्यानं तिच्यापासून लपवला होता. पण शेजारच्या दगडाबाईनं तिला सिनेमाची गोष्ट सांगून टाकली.

“मला दाखव,” माय हटून बसली.

“नको माय. तुला सोसायचं नाय.”

“माझं म्या बघीन. तू तुझं मशीन बघ.”

हसणाऱ्या लोकांत तिला बसवायला त्याचं मन होईना. त्यानं केबिनमध्येच झरोक्यापाशी स्टूल मांडलं. पडद्यावरच्या बाईनं मेलेल्या नवऱ्याच्या उघड्या पायांवर शाल ओढली, तशी माय तोंडाला पदर लावून हलायला लागली. तो घाबरून तिच्याकडे धावला. ती हसत होती. तेवढ्यात ठिपका येऊन गेला, पडदा पांढरा पडला, खालून शिट्ट्या सुरू झाल्या.

शो सुटल्यावर त्यानं विचारलं, “हसलीस कशाला?”

“म्या बी तुझ्या बापाच्या पायावर गोधडी वढली व्हती. मेल्या माणसाला कसला आलाय गारठा?” ती जिना उतरायला लागली.

पुढचं त्याला अजून विचारता आलेलं नाही. त्या रात्री, बाहेर हळदीची गाणी चालली असताना, आत एकटीच असलेली माय तेव्हाही हसली होती का?