मेंढरांपुढची फ्रेंच

गावाबाहेर भऱ्याच्या माळावर फिरायला गेलो की धनगराची एक मुलगी मेंढरं राखताना दिसायची. काठी काखेत धरून त्यांना मोठ्यानं फ्रेंच कविता म्हणून दाखवायची. विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकत होती. वर्गात तिच्या बोलण्याला मुलं हसत, म्हणून तिथं ती तोंडच उघडत नसे.

"मेंढरं हसत न्हाईत," ती एकदा म्हणाली होती.

परवा माळाला तारेचं कुंपण घातलेलं दिसलं. चरायला जागा उरली नाही, म्हणून तिच्या वडिलांनी सगळी मेंढरं विकली होती. ती कुंपणाबाहेर उभी होती, काठी काखेत तशीच.

"सोमवारी तोंडी परीक्षा हाय. मी न्हाई जानार."

"मला म्हणून दाखव की," मी म्हटलं.



"नगं काका. तुमीबी मानूसच की."