ग्रामसभेत मी मान खाली घातली

मित्रांनो, आज दुपारी आमच्या गावच्या ग्रामसभेत मी जे वागलो, ते सांगायलाही लाज वाटतेय.

पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये वेशीवरच्या कमानीचा विषय होता. कौसल्यामावशी उठून म्हणाल्या, "कमानीआधी स्मशानाच्या वाटंवर पूल बांधा. गेल्या पावसाळ्यात माझ्या मालकाला कंबरभर पाण्यातून न्यावं लागलं."

सरपंच हसले. "कंबरभर? मावशी, लई वाढवून सांगू नका."

मावशींनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या सरांनी खांदा दिला हाय. इचारा त्यायला."

मी खरंच होतो तिथं. नाल्यात पाय घसरून तिरडीसकट पडता पडता वाचलो होतो. पण सरपंच माझा चुलतभाऊ. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. कमान मंजूर झाली.

बाहेर मावशी भेटल्या. वाटलं, शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "घरच्या माणसाम्होरं कसं बोलताल, सर? कळतंय मला."

म्हणून इथं लिहितोय. होय, पाणी कंबरभर होतं. उद्या ग्रामपंचायतीत लेखीही देणार आहे. पण सभेत गप्प बसलेल्या माणसाच्या सहीला आता काही किंमत उरली असेल का?